गृहकर्जावरची दुसरी सही: गोव्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चवथीला घरी येणाऱ्या पाहुण्यांपैकी एखाद्याच्या पिशवीत नेवऱ्यांच्या डब्याखाली एक प्लॅस्टिकची फाईल असते. चहा होतो, विचारपूस होते आणि निघता निघता वाक्य येतं, 'एक सही पाहिजे होती रे, नुसती फॉर्मॅलिटी.' फोंड्यातल्या एका बँकेच्या कर्जविभागात माझी बावीस वर्षं गेली. खालचे प्रश्न तिथल्या टेबलापलीकडून आले. बहुतेक सही झाल्यावर, दोन-तीन वर्षांनी, हातात नोटीस घेऊन आले. सहीच्या आधी वाचता यावेत म्हणून इथे लिहून काढले आहेत.

सहकर्जदार आणि जामीनदार यांत फरक काय? बँकेत तर सगळ्यांना 'इथे सही करा' एवढंच सांगतात.

सहकर्जदार, ज्याला बँकेत को-ॲप्लिकंट म्हणतात, तो पहिल्या दिवसापासून कर्जदारच असतो. त्याचं उत्पन्न धरून कर्जाची रक्कम ठरते आणि हप्ता जितका पहिल्या नावाचा, तितकाच त्याचा. घराचे जे सहमालक असतील त्यांना बँक साधारणपणे सहकर्जदार करूनच घेते. उलट बाजूने मात्र तसं नसतं. सहकर्जदार झालात म्हणून घरात वाटा मिळत नाही. मुलाच्या फ्लॅटसाठी सहकर्जदार झालेले पण विक्रीखतात नाव नसलेले वडील मी कितीतरी पाहिले. जबाबदारी पूर्ण आणि भिंतीच्या विटेवर हक्क नाही.

जामीनदार कर्ज घेत नाही, घराचा मालकही नसतो. कर्जदाराने फेडलं नाही तर मी फेडीन, असं तो बँकेला लिहून देतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १२६व्या कलमात हमीच्या कराराची व्याख्या हीच आहे.

तिसरा प्रकार साक्षीदाराचा. त्याची सही फक्त 'माझ्यासमोर सही झाली' एवढंच सांगते. कागदावर आपल्या नावावर यांपैकी कुठला शब्द छापला आहे ते आधी वाचा. फाईल आणणाऱ्याने तोंडी काय सांगितलं ते कागदावर कुठेच नसतं.

जामीनदार म्हणजे ओळख देणारा माणूस ना?

नाही. ओळख पॅन कार्ड आणि आधारने पटते. बँकेला तुमची सॅलरी स्लिप हवी असते ती ओळखीसाठी नव्हे.

पण बँक आधी कर्जदाराच्या मागे लागेल, घर विकेल आणि तरी पैसे कमी पडले तरच माझ्याकडे येईल. बरोबर?

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हा. करार कायद्याचं १२८वं कलम सांगतं की करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कर्जदाराविरुद्धचे सगळे उपाय संपेपर्यंत बँकेने थांबावं, असं कायदा म्हणत नाही. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या १९६८ सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. आधी कर्जदाराकडून वसुली करा आणि मग जामीनदाराकडे जा, अशी अट घातली तर हमी घेण्याचा हेतूच बुडतो, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

व्यवहारात तर गाडी बरेचदा उलटीच धावते. कर्जदाराचा फोन बंद आणि घराला कुलूप असतं. जामीनदार मात्र सरकारी खात्यात नोकरीला, दर महिन्याला पगार ठरलेल्या तारखेला खात्यात. वसुली अधिकारी आधी कोणाला फोन करेल? गोव्यात मुलाला सरकारी नोकरी लागली की लग्नाची स्थळं आणि जामिनाची विनंती एकाच आठवड्यात येतात. दोन्हींचं कारण एकच.

मात्र 'करारात वेगळं काही ठरलं नसेल तर' हे शब्द तुमच्या कामाचे आहेत. हमी ठरावीक रकमेपुरती लिहून देता येते, उदाहरणार्थ तीस लाखांच्या कर्जात दहा लाखांपर्यंत. बँका हे आपणहून सुचवत नाहीत, छापील फॉर्ममध्येही ते नसतं, पण मागता येतं. माझ्या बावीस वर्षांत हे मागणारे जामीनदार चार. दोघांना मिळालं.

माझ्या डोक्यावर नेमका किती बोजा येतो?

समजा ३० लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, मुदत २० वर्षं. हप्ता येतो साधारण २७ हजार रुपये. पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता भरला तर बँकेत सोळा लाखांच्या वर रक्कम जमा होते. 'आता बरंच फिटलं' असं वाटतं. पण त्या दिवशी मुद्दल उरलेलं असतं सुमारे २६ लाख ६० हजार. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्याचा मोठा भाग व्याजात जातो, त्यामुळे जामीनदाराचं ओझं पहिली सात-आठ वर्षं फार हळू उतरतं. म्हणून 'त्याने पाच वर्षं तर भरले की' हा दिलासा नव्हे. या आकड्यावर थकलेलं व्याज, दंड आणि वसुलीचा खर्च चढतो तो वेगळा.

सहीआधी स्वतःला विचारायचं ते इतकंच: हा २७ हजारांचा हप्ता उद्यापासून मला भरावा लागला तर माझ्या घरात काय काय बंद होईल?

सही नवऱ्याने केली. बायकोचा याच्याशी काय संबंध?

गोव्यात हा प्रश्न इतर राज्यांपेक्षा वेगळा आहे. लग्नाआधी वेगळा करार करून नोंदवला नसेल तर इथल्या कायद्याने नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरली जाते आणि दोघांचा त्यात अर्धा-अर्धा हक्क असतो. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली ही पद्धत. वारसा आणि इन्व्हेंटरी (वारसांत मालमत्ता वाटून देण्याची कोर्टातली प्रक्रिया) यांचा भाग आता गोव्याच्या २०१२ च्या कायद्यात आहे, तो डिसेंबर २०१६ मध्ये लागू झाला. म्हणूनच आपल्याकडे विक्रीखत असो की गहाणखत, नवऱ्याच्या शेजारी बायकोची आणि बायकोच्या शेजारी नवऱ्याची सही लागते. सावंतवाडीहून फ्लॅट घ्यायला आलेल्या माणसाला हे नवल वाटतं. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, आणि धोका तिथेच आहे. सवयीने सही होते.

नवरा एकटा जामीनदार राहिला असेल तर एकत्र मालमत्तेतल्या बायकोच्या अर्ध्या वाट्यावर हात टाकताना बँकेला अडचण येते. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी फाईल पुढे सरकवायच्या आधी 'मिसेसची पण सही आणा' म्हणतात. आता ती सही 'संमती' म्हणून घेतली जाते आहे की 'जामीनदार क्रमांक दोन' म्हणून, ते बघा. दुसरी असेल तर घरातली दोन्ही उत्पन्नं एकाच कर्जाला बांधली गेली. वयनीला स्वयंपाकघरातून बोलावून, ओला हात पदराला पुसायला लावून पानाच्या खाली सही घेतलेली मी पाहिली आहे. तिने काय वाचलं असेल?

भाऊ वडिलोपार्जित जमिनीवर घर बांधतोय. जमीन अजून आजोबांच्या नावावर आहे. बँक म्हणते सगळ्या भावंडांच्या सह्या पाहिजेत. ही पण जामीनकीच का?

असेलही, नसेलही. गोव्यातल्या कितीतरी घरांची हीच गोष्ट आहे. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावर आजोबांचं नाव, इन्व्हेंटरी कोणी केलेली नाही, वारस म्हणजे चार भावंडं आणि त्यांचे जोडीदार. मुलींचा वाटा मुलांइतकाच, आणि एकत्र मालमत्तेच्या नियमामुळे बहिणीचा नवराही कागदावर येतो. त्यामुळे बँकेत सातजण रांगेने बसलेले दिसतात आणि एकजण बोटीवर असल्याने त्याचं मुखत्यारपत्र.

इथे सहीचे तीन अर्थ होऊ शकतात आणि तिन्हींचे परिणाम वेगळे आहेत.

निव्वळ संमती दिली असेल, म्हणजे 'या भावाने इथे घर बांधायला माझी हरकत नाही' एवढंच, तर कर्ज फेडण्याची जबाबदारी तुमच्यावर येत नाही. पण नुसत्या संमतीवर बँक कर्ज देत नाही, तिला जमीन गहाण लागते.

गहाण देणारा म्हणून सही केली असेल तर जमिनीतला तुमचा वाटा कर्जाला तारण आहे. कर्ज थकलं तर तो वाटा भावाच्या घरासकट लिलावात जाईल. पण तुमच्या पगाराला आणि तुमच्या स्वतःच्या फ्लॅटला हात लागणार नाही.

गहाण देणारा आणि जामीनदार अशा दोन्ही नात्यांनी सही केली असेल तर वाटाही गेला आणि उरलेल्या रकमेसाठी तुम्हीही बांधलेले. बँकेच्या छापील संचात हे दोन्ही कागद एकामागून एक असतात आणि वहिवाटीने दोन्हींवर सह्या होतात. 'मी माझा वाटा गहाण द्यायला तयार आहे, वैयक्तिक हमी देणार नाही,' असं सरळ सांगा. जमिनीची किंमत कर्जाला पुरून उरत असेल तर बँक बरेचदा मान्य करते.

खरा उपाय आधी इन्व्हेंटरी करून किंवा सगळ्यांच्या संमतीने वाटणीपत्र करून भावाचा तुकडा त्याच्या नावावर करणं. वेळ लागतो, खर्च येतो, एखादी बहीण रुसते. तरीही वीस वर्षं सगळ्यांचा वाटा एका भावाच्या नोकरीवर टांगून ठेवण्यापेक्षा ते बरं. त्या जागेत मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं, घर असेल किंवा बांधकामाच्या भागाची बिगरशेती वापराची सनद झालेली नसेल तर बँकेचा वकील पहिल्याच दिवशी फाईल परत पाठवतो, मग सह्यांचा प्रश्नच येत नाही.

भाचा तारवटी आहे, पगार डॉलरमध्ये. तरी बँक जामीनदार का मागते?

बोटीवरची नोकरी करारावर असते. सात-आठ महिने काम, मग दोन-तीन महिने घरी, मग पुढचा करार. मधल्या महिन्यांत पगार नसतो पण हप्ता असतो. २०२० मध्ये क्रूझ बोटी बंद पडल्या तेव्हा सासष्टीपासून बार्देशपर्यंत किती घरांत हे घडलं ते सर्वांना ठाऊक आहे. बँकेला किनाऱ्यावरचा माणूस हवा असतो.

भाच्याला जामीन राहायचं ठरवलंच तर एक अट घाला: कर्जखात्यात किंवा हप्ता कापला जातो त्या खात्यात निदान सहा हप्त्यांची रक्कम कायम पडून हवी. घर बांधून भाड्याने द्यायचं असेल तर भाडं त्याच खात्यात जमा व्हावं.

मी नुसता जामीनदार. माझ्या सिबिलवर याचा काय परिणाम?

ते कर्ज तुमच्या पत-अहवालात 'हमीदार' म्हणून दिसतं. कर्जदार वेळेवर भरत असेल तर चिंता नाही. हप्ते थकले तर ती नोंद तुमच्या अहवालातही येते. सिबिलचा स्कोअर ३०० ते ९०० असा मोजतात. आयुष्यात एक दिवस उधारी न ठेवलेल्या माणसाचा स्कोअर भावोजींच्या हप्त्यांमुळे पडलेला मी पाहिला आहे. त्याला ते कळलं मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेला तेव्हा.

स्कोअर चांगला राहिला तरी तुमची स्वतःची कर्जाची ऐपत कमी होऊ शकते, कारण पुढची बँक तुमच्या डोक्यावरची ही जबाबदारी हिशेबात धरते. पाच वर्षांत स्वतः फ्लॅट घ्यायचा विचार असेल तर हे आधी तोला. पत-अहवाल देणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. जामीन राहिलेल्यांनी दर तीन महिन्यांनी एकेका कंपनीचा काढावा.

हप्ता चुकला तर माझ्यापर्यंत कधी आणि काय येतं?

पहिला हप्ता चुकल्यावर बहुधा काहीच नाही. एसएमएस कर्जदाराला जातो. ९० दिवस थकबाकी राहिली की खातं अनुत्पादक, म्हणजे एनपीए होतं. त्यानंतर बँक २००२ च्या सरफेसी कायद्याखाली (गहाण मालमत्ता कोर्टात न जाता ताब्यात घेण्याचा हक्क बँकेला देणारा कायदा) ६० दिवसांची मागणी-नोटीस काढते. या कायद्यात 'कर्जदार' या शब्दात जामीनदारही येतो, त्यामुळे नोटीस तुमच्याही पत्त्यावर येते. बरेचजण तेव्हा पहिल्यांदा जागे होतात आणि तोवर तीन-चार हप्ते, म्हणजे आपल्या उदाहरणात ऐंशी हजार ते एक लाख, साचलेले असतात.

नोटीस टपालवाल्याकडून घ्या. 'घेतली नाही म्हणजे लागू होत नाही' हा चावडीवरचा सल्ला ऐकू नका. लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. साठ दिवस उलटल्यावर बँक गहाण घराचा ताबा घेऊ शकते. ताब्याची नोटीस दोन वर्तमानपत्रांत छापावी लागते, त्यांतलं एक स्थानिक भाषेतलं. मराठी दैनिकांच्या आतल्या पानांवर बारीक टायपात कर्जदार, जामीनदार, रक्कम आणि सर्व्हे नंबर असलेल्या त्या चौकटी येतात. गावात पैशांपेक्षा त्या चौकटीचीच भीती जास्त असते. बँकेच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं, पण आपल्यासाठी ते मुंबईत आहे. तारखेला रात्रीची गाडी पकडून जाणं आलं.

म्हणून सही करतानाच बँकेला एक पत्र द्या: 'एकही हप्ता थकल्यास मला या फोनवर आणि ई-मेलवर कळवावे.' पोच घ्या. कर्जदाराला सांगा, दर महिन्याला हप्ता कापल्याचा मेसेज मला पुढे पाठवायचा. राग आला तर आला.

माझं स्वतःचं घर, कुळागर, पगार: यांतलं काय जाऊ शकतं?

तुम्ही स्वतःचं घर गहाण दिलेलं नसेल तर सरफेसी वापरून बँक थेट त्याचा ताबा घेऊ शकत नाही. तिला वेगळी कारवाई करून हुकूम मिळवावा लागतो. थकबाकी २० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर न्यायाधिकरणात, कमी असेल तर दिवाणी न्यायालयात. सहकारी संस्थांना सहकार कायद्याखालचा वसुलीचा मार्गही आहे. हुकूम झाल्यावर मात्र घर, ठेवी, गाडी यांवर जप्ती येऊ शकते.

शेतजमिनीवरच्या तारणाला सरफेसी लागू होत नाही. त्यामुळे 'माझं भाट, माझं कुळागर सुरक्षित' असं काहीजण धरून चालतात. ते अर्धंच खरं आहे. न्यायालयाचा हुकूम शेतजमिनीपर्यंत पोचू शकतो.

पगाराचं सांगायचं तर, दिवाणी हुकमात पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या पगाराचे दोन तृतीयांश जप्तीपासून सुटतात. बाकीचा एक तृतीयांश जाऊ शकतो. भविष्यनिर्वाह निधीला हात लागत नाही. पतसंस्थेचं कर्ज असेल तर पगारातून कपात करण्याचं संमतीपत्र बहुधा सुरुवातीलाच घेतलेलं असतं, मग ऑफिसचा कॅशियर कोर्टाची वाट बघत नाही. आणि कर्ज २५ लाखांच्या वर असून ऐपत असताना मुद्दाम भरलं नाही असं ठरलं तर जामीनदारालाही हेतुपुरस्सर थकबाकीदार ठरवण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे.

आमचे संबंध बिघडले. जामीन मागे घेता येतो का?

एकतर्फी नाही. बँकेने कर्जाची पूर्ण रक्कम कर्जदाराला दिलेली असेल तर तिच्या संमतीशिवाय सुटका नाही. सुटकेच्या वाटा तीन: दुसरा तोलामोलाचा जामीनदार आणायचा, काही रक्कम आगाऊ भरून बँकेला जामिनाची गरज उरली नाही असं पटवायचं, किंवा कर्जदाराने कर्ज दुसऱ्या बँकेत हलवायचं. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो, त्यामुळे तिसरी वाट वाटते तितकी महाग नाही. मॅनेजर तोंडी 'तुमचं नाव काढलं' म्हणाला तर ते नाव निघालेलं नसतं. लेखी मुक्तिपत्र हवं.

मला न विचारता त्याने टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्ज, घेतलं. तेही माझ्या गळ्यात?

करार कायद्याच्या १३३व्या कलमानुसार जामीनदाराच्या संमतीशिवाय कराराच्या अटी बदलल्या तर बदलानंतरच्या व्यवहारांपुरता जामीनदार मोकळा होतो. पण हमीपत्राच्या मधल्या पानावर बहुधा एक परिच्छेद असतो: बँकेने मुदत वाढवली, अटी बदलल्या, सवलत दिली तरी माझी हमी कायम राहील. त्याखाली तुमची सही असते. टॉप-अपसाठी मात्र नवा करार होतो, त्यामुळे त्या कागदावर तुमची सही आहे का ते पाहा. नसेल तर लगेच लेखी हरकत नोंदवा. व्याजदर वाढून हप्ता किंवा मुदत वाढणं हा अटींतला बदल नव्हे, बदलता दर मूळ करारातच असतो.

मित्राने पोर्तुगीज पासपोर्ट केला आणि कुटुंबासह इंग्लंडला गेला. आता?

नागरिकत्व बदलल्याने कर्ज फिटत नाही. पण लंडनजवळच्या गोदामात काम करणाऱ्या माणसापर्यंत पोचणं बँकेला जड आणि कुडचड्यातल्या जामीनदारापर्यंत पोचणं सोपं. मित्र जायच्या आधी या गोष्टी करून घ्या: इथल्या खात्यातून आपोआप हप्ता कापण्याची सोय, घराचं भाडं त्या खात्यात, आणि गरज पडली तर घर विकता येईल असं मुखत्यारपत्र इथल्या कोणाच्या तरी नावे. गेल्यावर व्हॉट्सॲपवर निळ्या टिका मोजत बसण्यात अर्थ नाही.

ज्या बँकेचं कर्ज होतं तिचाच परवाना रद्द झाला. जामीन संपला ना?

नाही. २०२० मध्ये म्हापसा अर्बनचा आणि २०२१ मध्ये मडगाव अर्बनचा परवाना रिझर्व्ह बँकेने रद्द केला, तेव्हा हे खूपजणांनी विचारलं. बँक बंद झाली की अवसायक, म्हणजे तिची देणी-घेणी मिटवणारा अधिकारी, येतो आणि ठेवीदारांचे पैसे परत करण्यासाठी कर्जवसुली हेच त्याचं मुख्य काम असतं.

कर्जदार वारला तर? आणि मी वारलो तर?

कर्जदार गेला तरी हमी राहते. त्याचे वारसही देणं लागतात, पण वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतंच. कर्जाबरोबर विमा काढलेला असेल तर सगळ्यांत आधी तो कागद शोधा, दुखवट्यात तो विसरला जातो. इन्व्हेंटरी सुरू झाली तर कर्जाचा उल्लेख तिथे झालाच पाहिजे.

तुम्ही गेलात तर दिलेल्या कर्जाची हमी तुमच्या मालमत्तेवर राहते. मुलांना स्वतःच्या खिशातून भरावं लागत नाही, पण तुमच्याकडून मिळालेल्या वाट्यातून मागणी होऊ शकते. त्यांना निदान माहीत असू द्या.

घटस्फोट झाला आणि कोर्टाने हप्ते त्याने भरायचे म्हणून सांगितलं. मी सहकर्जदार आहे.

तो हुकूम तुम्हा दोघांत. बँक त्यात पक्षकार नाही आणि तिच्यासाठी दोघेही कर्जदारच.

करात काही फायदा?

जामीनदाराला शून्य. सहकर्जदार जर सहमालकही असेल आणि हप्ते खरोखर भरत असेल तर जुन्या करपद्धतीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर प्रत्येकाला वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते. नव्या पद्धतीत अशा घरासाठी ती नाही. गोव्यातल्या दांपत्यांसाठी आणखी एक गोष्ट: एकत्र मालमत्तेची पद्धत लागू असेल तर पगार सोडून इतर उत्पन्न, म्हणजे घरभाडंसुद्धा, नवरा-बायकोत निम्मं-निम्मं विभागून विवरणपत्रात दाखवावं लागतं. बाहेरून आलेले सीए हे कधीकधी विसरतात.

शेवटी मीच भरले. परत कसे मिळवू?

१४०व्या आणि १४५व्या कलमांनी तुमची बाजू भक्कम आहे. पूर्ण भरणा केल्यावर बँकेचे कर्जदाराविरुद्धचे हक्क तुमच्याकडे येतात, तारणावरचेही. कर्जदाराने तुमची भरपाई करणं हे करारात गृहीतच धरलेलं आहे. दोन जामीनदार असतील आणि एकानेच सगळं भरलं तर दुसऱ्याकडून निम्मं मागता येतं.

पण कोर्टात कागद बोलतो. म्हणून रोख भरू नका. 'घे हे, बँकेत भर' म्हणून कर्जदाराच्या हातात तर मुळीच देऊ नका. आपल्या खात्यातून थेट कर्जखात्यात भरा आणि जामीनदार म्हणून भरल्याची पावती घ्या. भरल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. नात्यातला माणूस आहे म्हणून 'पुढच्या चवथीपर्यंत बघू' करता करता तीन चवथी जातात, आणि नंतर वकील फक्त मान हलवतो.

डिचोली-सत्तरी भागात २०१२ आणि २०१८ मध्ये खाणी बंद पडल्यावर ट्रकांच्या कर्जांचे जामीनदार असेच भरत बसले होते. कर्ज गृहकर्ज नव्हतं, कायदा हाच होता. ज्यांनी पावत्या जपल्या त्यांच्याकडे निदान बोलायला काहीतरी होतं.

वसुलीवाले घरी येऊन आरडाओरडा करतात.

सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर अपमान करायचा नाही, असे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत आणि ते जामीनदारालाही संरक्षण देतात. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे खर्च नाही, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पण देणं त्यामुळे कमी होत नाही, फक्त आवाज कमी होतो.

नाही कसं म्हणायचं? सख्खा मावसभाऊ आहे.

याचं उत्तर कुठल्या कलमात नाही. मी स्वतः एकदा म्हणू शकलो नाही आणि चौदा महिने दुसऱ्याचे हप्ते भरले, तेही बँकेत कामाला असून. त्यानंतर मी एकच वाक्य वापरत आलो: 'जामीन राहत नाही, पण डाऊन पेमेंटला एवढे देतो, परत दिलेस तर उत्तम.' रक्कम अशी धरायची की गेली तरी जेवण गोड लागेल. माणसं रुसतात. काही जण पुढच्या चवथीला येत नाहीत. नोटीस आल्यावर तर दोघांचंही येणं बंद होतं.

कर्ज फिटलं. आता माझं काम संपलं?

जवळजवळ. १ डिसेंबर २०२३ पासूनच्या नियमानुसार पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत बँकेने घराची मूळ कागदपत्रं परत द्यायची असतात. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. हे कर्जदारासाठी. जामीनदाराने स्वतः जाऊन वेगळं मुक्तिपत्र मागायचं, कारण ते आपणहून कोणी देत नाही. महिन्या-दीड महिन्याने पत-अहवाल काढून तिथे खातं बंद दिसतंय याची खात्री करायची. आणि सहीच्या दिवशी तारीख न घालता दिलेले दोन-तीन चेक आठवतात का? ते फाईलच्या मागच्या पाकिटात असतात. मागून घ्या आणि तिथेच काउंटरवर उभे राहून फाडा.